पाट्यांच्या वरचं शहर

व्हिएन्ना म्हणजे इस्त्री केलेलं गाव. जवळ गेलं की घोड्याच्या मुताचा वास येते. बुडापेस्टची नदी म्हणजे आपली गोमतीच, फक्त तिकीट लावलेली. प्राग पहिल्या दिवशी बरं असते, दुसऱ्या दिवशी शिळं होते.

ही वाक्यं लखनऊच्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना पाठ आहेत. गणपतीत आरती झाली की किंवा कोजागिरीला दुधाचे पेले फिरायला लागले की कुणीतरी हाळी देतं, "खानझोडेसाहेब, होऊन जाऊ दे युरोप!" मग वसंत खानझोडे खुर्चीत जरा पुढे सरकतो, पेला चाचपून खाली ठेवतो आणि सुरू करतो. आमचं मंडळ हसण्याच्या बाबतीत भारी काटकसरी. एक विनोद मिळाला की तो दहा वर्षं धुऊन वापरायचा. बँका, सरकारी कंपन्या, प्रयोगशाळा यांत जन्म घालवलेली ही माणसं. इथं राहून लखनऊला नावं ठेवतात, पुण्याला गेली की लखनऊच्या बढाया मारतात. खानझोडे त्यांना आवडतो, कारण तो एका दमात सगळा युरोप मोडीत काढतो आणि न गेलेल्यांचं समाधान होतं.

मी मागच्या रांगेत बसतो. हसत नाही. लोकांना वाटतं, मी मुळातच घुमा आहे. तसा मी आहेच. पण हसत नाही ते त्यामुळे नाही. ते शब्द खानझोडेचे असले तरी त्यामागचं पाहणं माझं आहे. या माणसानं जन्मात एकदाच परदेशातली शहरं पाहिली, तीही डोळे जाता जाता, आणि ती त्याला दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

मी कऱ्हाडकडचा. इथल्या औषध संशोधनाच्या एका सरकारी संस्थेत नोकरी लागली म्हणून जानकीपुरममध्ये येऊन पडलो. खानझोडे वर्ध्याचा, हजरतगंजमधल्या एका बँकेत अधिकारी. मंडळात ओळख झाली तेव्हा त्यानं विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, उंदरांवर औषधं तपासतो. "म्हणजे उंदरांचे डॉक्टर!" तेव्हापासून मी 'डॉक्टर'. त्यात आदर नव्हता, पण माया होती हे कळायला मला वेळ लागला.

"लखनऊ पाह्यलं काय?" त्यानं विचारलं.

मी इमामबाडा वगैरे सांगितलं.

"ते तर शाळेच्या सहलीतली पोरंही पाहतात. रविवारी ये गंजात."

रविवारी हजरतगंजच्या दुकानांपुढच्या ओट्यावरून चालता चालता त्यानं एकदम माझं मानगूट धरलं आणि मान वर वळवली. भर रस्त्यात. मी दचकलो, रागावलोही. खानझोडेची ही सवयच होती. कुणालाही काही दाखवायचं तर तो बोट करत नसे, मान वळवत असे. बायकोची, मुलीची, बँकेतल्या शिपायाची, एकदा तर खुद्द झोनल मॅनेजरची.

"वर पाह बे. खाली काय आहे? चपला, मोबाइल, कबाब. खाली सगळ्या जगात सारखंच असते. शहर पाटीच्या वर सुरू होते."

दुकानांच्या पाट्यांच्या वर खरंच वेगळं गाव होतं. अर्धगोल खिडक्या, गंजक्या नक्षीचे कठडे, एका सज्जात वाळत घातलेला तांबडा दुपट्टा, आणि आरामखुर्चीत बसून खालच्या गर्दीकडे राजासारखा पाहणारा म्हातारा. मी त्या रस्त्यानं कितीदा तरी गेलो होतो. मला तो म्हातारा कधी दिसला नव्हता.

पाटीच्या वर पाहायची ही खोड त्याच्या नोकरीतही होती. एकदा शहराबाहेर चिनहटला कर्जासाठी एका कारखान्याची तपासणी करायला निघाला होता, मला सुट्टी होती म्हणून सोबत नेलं. मालक खाली फायली उघडतोय, समोसे मागवतोय, "सर, तीन शिफ्ट चल रही है" सांगतोय, आणि खानझोडे मान मागे टाकून छपराकडे बघतोय. बाहेर आल्यावर म्हणाला, "याचं कर्ज होत नाही."

"फायली तर तू उघडल्यासुद्धा नाहीस."

"मशीनच्या वर कबुतरानं घरटं केलं आहे. अंडी आहेत त्यात. तीन शिफ्ट चालून राहिल्या असत्या तर ती कबुतरी काय कानात बोळे घालून बसली असती?"

असा माणूस. मला तो आवडायचा आणि त्याचा रागही यायचा. वीस वर्षं कुणी आपली मान वळवत राहिलं तर राग येतोच. मी पीएचडी, सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहणारा. आणि पाहायला मला हा बँकवाला शिकवणार!

दर रविवारी तो गंजामागच्या गल्लीत रईसमियाँच्या दुकानात दाढी करायला जाई. घरी वस्तरा असूनही. खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचा आणि रईसमियाँ दोन बोटांनी त्याची हनुवटी इकडून तिकडे वळवायचे. "पाह," मला म्हणायचा, "जन्मभर मी लोकांच्या माना वळवतो. आठवड्यातून एकदा आपली मान दुसऱ्याच्या हातात द्यावी. पण माणूस पाहून द्यावी."

त्याच गल्लीतून बाहेर पडताना एका रविवारी तो उभ्या ई-रिक्षाच्या टपाला धडकला. कपाळ फुटलं. रिक्षावाला, "अरे बाबूजी, इतना बड़ा रिक्शा नहीं दिखा?" म्हणून ओरडला. खानझोडे हसून काहीतरी बोलला, पण ओट्यावर बसल्यावर त्यानं मला सांगितलं. काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूचं सगळं गेलेलं, मधलं तेवढं शिल्लक.

"फुंकणी असते ना चुलीची? तिच्यातून पाहून राहिलो मी. पेपर वाचता येते, तुझं थोबाड दिसते. पण थोबाडाच्या बाजूला कान आहेत का नाही, देवाला ठाऊक."

बँकेत सांगितलं नव्हतं. घरी सुनंदावहिनींनाही नाही. त्यांच्या गुडघ्यांचं आणि मुलीच्या, गौरीच्या, शिक्षणाचं आधीच चाललं होतं. मला शपथ घातली, आणि मग म्हणाला, "डॉक्टर, मला दुसरी शहरं पाहायची आहेत. हे बंद व्हायच्या आधी. फुंकणीतून महाल दिसत नाही, पण एकेक खिडकी दिसते. फक्त फुंकणी कुठं धरायची ते सांगणारा पाहिजे. तू चाल माझ्यासोबत."

त्याला हे आणखी कुणालाही विचारता आलं असतं. मला विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका टूर कंपनीबरोबर आम्ही गेलो. त्या मंडळींबद्दल काय सांगावं! बहुतेक लखनऊ-कानपूरकडचे. पिशव्यांत ठेपले, लोणची, इसबगोल. बसमध्ये अंताक्षरी. कुठल्याही चर्चसमोर उतरलं की आधी, "टॉयलेट किधर है?" आणि मग, "ए.सी. क्यों नहीं है इसमें?" गाइड मुलगी राजाराण्यांची नावं सांगायची आणि ही मंडळी तिला विचारायची, इथं फ्लॅट केवढ्याला पडतो. मी त्यांना तुच्छ लेखत होतो. मी त्यांच्यापेक्षा बरा होतो असं मात्र आता म्हणवत नाही.

पहिलं शहर प्राग. पहिल्या दिवशी मी माझं काम मनापासून केलं. खानझोडेच्या मानगुटीला हात लावायला संकोच वाटला, म्हणून घड्याळाच्या काट्यांची भाषा ठरवली. "दहावर. वर. अजून वर. खिडकी." तो त्याप्रमाणे मान फिरवी आणि थांबे. एका जुन्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक जाडजूड बाई पलंगपोस झटकत होती. तिच्या खिडकीखाली भिंतीवर दगडाचा एक देवदूत होता आणि झटकलेली धूळ त्याच्या डोक्यावर पडत होती. मी खानझोडेला ती बाई दाखवली, मग देवदूत दाखवला. धूळ त्यानं स्वतः जोडली. कितीतरी वेळ तो तसाच उभा राहिला. गर्दी त्याला धक्के मारून जात होती.

संध्याकाळी जेवताना त्यानं हे सगळं टेबलावर सांगितलं. काय सांगितलं! "रोज सुबह देवता का फेशियल होता है वहाँ," म्हणाला. अख्खं टेबल जेवायचं थांबलं. कानपूरच्या एक मिसेस त्रिवेदी होत्या, सोन्यानं मढलेल्या, बसमध्ये सतत वेलदोडे वाटणाऱ्या. त्या म्हणाल्या, "वाह भाईसाहब, नज़र हो तो आप जैसी! हमारे डॉक्टर साहब तो दिन भर फोटो ही खींचते रह गए."

लोक हसले. खानझोडे म्हणाला, "नहीं नहीं, डॉक्टर ने ही…" आणि थांबला. पुढे बोलला असता तर डोळ्यांचं सांगावं लागलं असतं. त्यानं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

ती थाप मला लागली. इतकंच कारण. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. माणसाला आपल्या नीचपणालाही बरं घराणं हवं असतं. नाही सापडलं. माझ्या डोळ्यांवर हा माणूस वाहवा मिळवतोय आणि मी फोटो काढणारा बावळट, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खाली पाहायला लावलं.

"चारवर. खाली." कचऱ्याचा डबा, त्यातून ओघळलेलं काहीतरी. "सहावर." पुलाच्या दगडावर कबुतरांची घाण. "दोनवर." परांचीभोवती बांधलेला पत्र्याचा आडोसा, त्यावर कुणी रंगाच्या फवाऱ्यानं खरडलेलं. दुरुस्ती चालली होती, मी परांचीला 'परात' म्हटलं तरी त्यानं माझी खोडी काढली नाही. एरवी सोडली नसती. पुलावर दोन्ही बाजूंना पुतळेच पुतळे होते. मी एकही दाखवला नाही. तो दोनदा म्हणाला, "वर काही नाही?"

"वर आभाळ आहे," मी म्हटलं.

व्हिएन्नात खाली दाखवण्यासारखं काही सापडेना, इतकं ते स्वच्छ. मला शोधावं लागलं. राजवाड्यासमोर बग्ग्या उभ्या होत्या. मी त्याला घोड्यांच्या पायांखालचा ओला दगड दाखवला. गटाराच्या जाळीत अडकलेली सिगारेटची थोटकं दाखवली. वर हिरव्या घुमटावर ऊन पडलं होतं. ते मी पाहून घेतलं. खानझोडे टेबलावर म्हणाला, "इस्त्री केलेलं गाव आहे, पण वास घोड्याच्या मुताचा. आपल्या टांगा स्टँडवर तो फुकट मिळते." हे त्यानं हिंदीत सांगितल्यावर मिसेस त्रिवेदी हसून हसून ठसकल्या. टेबलाला हे देवदूतापेक्षा जास्त आवडलं. म्हणजे मी सूड घ्यायला गेलो आणि वाहवा पुन्हा त्यालाच मिळाली. तिथं थांबायला हवं होतं. उलट मला चव लागली.

बुडापेस्टला दिवे लागायच्या सुमाराला बोटीत बसवलं. खानझोडे कठड्याला धरून उभा होता. कातरवेळी त्याला आणखी कमी दिसायचं.

"केवढी आहे रे नदी?"

"गोमतीएवढी."

तेवढ्यात बाजूनं एक मोठं जहाज गेलं आणि त्याचा भोंगा वाजला. लाटेनं आमची बोट हलली. खानझोडेनं मान माझ्याकडे वळवली. फुंकणी माझ्या चेहऱ्यावर धरली म्हणा. गोमतीत असली जहाजं चालत नाहीत. मग पुन्हा समोर वळला.

"समोर काय आहे? उजेड दिसून राहिला थोडासा."

समोर त्यांचं संसदभवन होतं. सगळे दिवे एकदम लागले होते. सोन्याचं ताट पाण्यात बुडवून वर काढावं तशी ती इमारत दुप्पट होऊन उभी होती. बोटीवरची अंताक्षरीसुद्धा थांबली होती. ठेपलेवाले, इसबगोलवाले, सगळे तोंड उघडून बघत होते. ज्यांना मी दिवसभर हिणवलं ते सगळे बघत होते.

"सरकारी कचेरी आहे," मी म्हटलं. "आपल्या विधानभवनासारखी. तू बँकेत जाता-येता रोज बघतोस."

"कुठं धरू?"

"राहू दे. सहावर बघ. खाली."

खाली पाण्यावर एक प्लॅस्टिकची बाटली हिंदकळत होती. खानझोडेनं ती पाहिली. बोट वळेपर्यंत पाहिली. आणि मी त्याच्या डोक्यावरून ते सगळं एकट्यानं पाहून घेतलं. पंगतीत शेजाऱ्याचं पान रिकामं असताना आपण पोळीखाली श्रीखंड लपवून खावं तसं.

परत आल्यावर पुढचं सोपं होतं. मंडळानं त्याला डोक्यावर घेतलं. वर्षं गेली. डोळ्यांचं सगळ्यांना कळलं, वेळेआधी निवृत्ती झाली. उजवा डोळा गेला. डाव्याचं, त्याच्याच शब्दांत, "फुंकणीचं भोक मुगाएवढं झालं." माना वळवायची सवय आपोआप गेली, कुणाची मान कुठे आहे हेच दिसेना. दर रविवारी रईसमियाँकडे मात्र जायचंच. मी नेतो. त्याचा हात माझ्या कोपरावर असतो. ओटा आला की मी सांगतो, पायरी आली की सांगतो, आणि तो निर्धास्त पाऊल टाकतो. माझ्या सांगण्यावर!

गेल्या महिन्यात गौरीचा फोन आला. कंपनीनं तिला वर्षभरासाठी व्हिएन्नाला पाठवलंय. लखनऊत वाढलेली पोर, मराठी समजतं, बोलते हिंदीत.

"काका, डॉक्टर कह रहे हैं, लेफ्ट आई में जो बचा है, शायद इसी साल तक है. मैं बाबा को यहाँ बुला रही हूँ. आई भी तैयार है. बट बाबा सुनते ही नहीं. कहते हैं, क्या है वहाँ, मैंने सब देख रखा है. सच में इतना बेकार था क्या, काका? मुझे तो… मैं रोज़ ऑफिस से पैदल आती हूँ, सिर्फ ऊपर देखते हुए. गिर भी चुकी हूँ एक बार. आप बोलिए न. वो आपकी ही सुनते हैं."

मी म्हटलं, बोलतो.

रविवारी रईसमियाँकडे मी बाकावर बसलो. खानझोडेच्या गालांवर फेस होता. रईसमियाँ वस्तरा चामड्यावर घासत होते. एरवी मी पेपर वाचतो. त्या दिवशी म्हटलं, "वसंता, गौरीकडे जा."

"काय आहे तिथं?"

"तू पाहिलेलं नाहीस."

"मी पाह्यलं नाही? व्हिएन्ना? घोड्याच्या मुतात उभा राह्यलो मी."

मग मी सांगितलं. जेवणाचं टेबल, गुडघ्यावरची थाप, पूल, घुमट, नदी, समोरची इमारत. आयुष्यात एका दमात इतकं बोललो नव्हतो. मराठीत बोलत होतो तरी रईसमियाँचा हात थांबला होता. माणूस काहीतरी कबूल करतोय हे कळायला भाषा लागत नाही.

खानझोडे डोळे मिटून पडला होता. तसाच म्हणाला, "कचऱ्याचा डबा होता ना तिथं?"

"होता."

"बाटली?"

"होती."

"मग तू खोटं काय दाखवलं?"

"वर दाखवलं नाही."

"हो. पहिल्या दिवशी दाखवून राहिला होता. मग बंद झालं." फेसाखाली त्याचे ओठ हलत होते. "मला वाटलं, वर संपलं असेल."

मी म्हटलं, "मी येतो सोबत. सगळं दाखवतो. एकेक खिडकी. अजून वेळ आहे."

"तू?"

एवढंच म्हणाला. ओरडून नाही, मंडळात कुणी वर्गणी चुकवणाऱ्याचं नाव निघालं की म्हणतो तसं.

"गौरी दाखवेल. तिच्याबरोबर जा. माझं राहू दे," मी म्हटलं.

"आता कोणी म्हटलं, दहावर पाह, वर महाल आहे, तर मी मुगातून पाहीन. महालाची एक वीट दिसेल. मग वाटेल, बाजूला काय आहे? याचं खरं, का त्याचं? नाही बावा. जी शहरं पाह्यली ती पाह्यली. आता ती माझी आहेत. त्यांच्यावर लोक हसतात. तेवढी राहू दे माझ्याजवळ."

मग माझ्याशी बोलणं संपलं असं समजून त्यानं आवाज बदलला. "रईसमियाँ, सुना? डॉक्टर साहब अब कह रहे हैं, वहाँ ऊपर भी कुछ था."

रईसमियाँनी माझ्याकडे पाहिलं नाही. वस्तरा उघडला.

"होगा साहब," ते म्हणाले. "ज़रा ठोड़ी ऊपर कीजिए."

आणि दोन बोटांनी त्यांनी त्याची मान हळूच मागे नेली. खानझोडेनं नेऊ दिली. चेहरा पार छपराकडे झाला, गळा उघडा पडला, डोळे घट्ट मिटलेले. दाढी झाल्यावर त्यानं उठायला हात पुढे केला. मी बाकावरून उठलो होतो. त्याचा हात माझ्या बाजूला आला, हवेत थोडा थांबला, आणि रईसमियाँच्या खांद्यावर जाऊन बसला.

"चौक तक छोड़ देंगे, मियाँ?" तो म्हणाला. "रिक्शा मैं खुद ले लूँगा."